डिस्कवर छापायचंय? आधी ट्रे बघा, मग प्रिंटर

तुमचे प्रश्न तीन आहेत. गाण्याच्या गटाची ध्वनिमुद्रणं डिस्कवर देताना महिन्याला वीस-पंचवीस डिस्क छापायला स्वस्तातला इंकजेट कोणता, कुणी जुना देत असेल तर घ्यावा का, आणि हे सगळं टाळून साध्या प्रिंटरवर गोल स्टिकर छापून चिकटवले तर काय बिघडेल. मधले काही महिने एकही डिस्क छापायची नसते असंही तुम्ही लिहिलंय. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण निर्णय बराचसा त्यावरच ठरेल.

स्टिकरचं आधी उरकतो. नको. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटवलेल्या. वर कागद बसला की हवेतल्या ओलाव्याप्रमाणे तो ताणतो, आक्रसतो आणि डिस्कला किंचित बाक देतो. लेझरची वाट चुकायला तेवढा बाक पुरतो. ५२एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पटीने डिस्क फिरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते, तेव्हा केसभर सरकलेला स्टिकरही तोल बिघडवतो. वाकडा बसला म्हणून ओढून काढावा, तर सीडीचा चकाकणारा थर वरच्याच बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. स्टिकरबरोबर तो थरही निघून येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली ग्रंथालयांसाठी केलेल्या सूचनांमध्येही जपून ठेवायच्या डिस्कवर चिकट लेबल लावू नये असंच म्हटलं आहे.

आता प्रिंटर. दुकानातला बहुतेक इंकजेट डिस्कवर छापू शकत नाही, आणि नंतर काही जोडून ती सोय आणताही येत नाही. कागद रोलरभोवती वळतो, १.२ मिलिमीटर जाडीची कडक डिस्क वळणार कशी? तिला सरळ आडवा मार्ग लागतो, धरून ठेवणारा ट्रे लागतो, शाई उडवणारं हेड आणि डिस्क यांच्यात पुरेसं अंतर लागतं, ट्रे कुठे आहे ते ओळखणारा सेन्सर लागतो आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तसा पर्याय लागतो. मागून सरळ कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये पुठ्ठ्याचा घरगुती ट्रे सरकवण्याचे प्रयोग लोक करतात. हेड एकदा डिस्कच्या कडेला घासलं की त्या प्रयोगाची किंमत कळते. त्या फंदात पडू नका.

म्हणून छपाईचा दर्जा, वेग, वायफाय हे सगळं बाजूला ठेवा आणि माहितीपत्रकात डिस्क ट्रे आहे का ते पहिल्यांदा शोधा. व्यवहारात दोनच घराणी उरतात, एप्सन आणि कॅनन. एप्सनमध्ये टाकीवाल्या (बाटलीतून शाई ओतायच्या) सहा रंगांच्या एल८०५ आणि त्यानंतरच्या एल८०५० मध्ये ही सोय आहे, तशीच एल८१६० आणि एल८१८० मध्येही. कार्ट्रिजवाल्यांत एक्सपी-६१०० सारखे फोटो प्रिंटर. कॅननमध्ये टीएस७०० आणि टीएस८३०० या मालिका. यापलीकडे प्रिमेरासारख्या कंपन्यांची यंत्रं आहेत, ती स्वतःच डिस्क उचलतात, लिहितात (तिच्यात ध्वनिमुद्रण उतरवतात) आणि छापतात, पण ती स्वस्तात मोडत नाहीत आणि तुमच्या कामाला गरजही नाही.

मॉडेलचा आकडा अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकाच मालिकेतल्या शेजारच्या दोन मॉडेलांत एकाला ट्रे असतो, दुसऱ्याला नसतो. शिवाय देश बदलला की सोयही बदलते. २००० च्या दशकात कॅननचे कितीतरी पिक्स्मा प्रिंटर युरोप-आशियात डिस्कच्या ट्रेसह विकले जात आणि तेच यंत्र अमेरिकेत ती सोय बंद करून जाई. तेव्हा परदेशातल्या कुणाचं परीक्षण वाचून ऑर्डर टाकू नका. तुमच्याकडे विकल्या जाणाऱ्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात डिस्कवर छापण्याचं प्रकरण आहे का ते बघा. खोक्यावरच्या चित्रापेक्षा ते जास्त भरवशाचं.

स्वस्त म्हणजे काय, इथे लोक हमखास फसतात. शाईच्या डब्यावर 'इतकी पानं' असं लिहिलेलं असतं, ते आयएसओ २४७११ या पद्धतीने मोजलेलं असतं, म्हणजे बराचसा मजकूर आणि थोडी चित्रं असलेल्या कार्यालयीन कागदांवर. डिस्कवर तुम्ही कडेपासून कडेपर्यंत रंग भरता. तो फोटोचा हिशेब आहे. बाहेरचा व्यास ११८ मिलिमीटर आणि आतला २२ धरला तर छापायचं क्षेत्र येतं साधारण १०५ चौरस सेंटिमीटर. १० बाय १५ च्या फोटोचं क्षेत्र १५० च्या आसपास. म्हणजे पूर्ण रंगवलेली एक डिस्क शाईच्या दृष्टीने पाऊण फोटोपेक्षा थोडी कमी. फोटोंसाठी आयएसओ २९१०२ ही वेगळी मोजणी आहे. कंपनीने तो आकडा दिला असेल तर त्याची दीडपट करा, तेवढ्या डिस्क निघतील. नसेल दिला तर पानांचा आकडा डोळ्यांआड करा.

या हिशेबाने टाकीवाला प्रिंटर दर डिस्कला फार स्वस्त पडतो, यात वाद नाही. एल८०५ च्या एकेका बाटलीत ७० मिलिलिटर शाई असते, कार्ट्रिजमध्ये सहसा त्याचा लहानसा हिस्सा. पण तुम्ही मध्ये काही महिने छापणारच नाही. सहा रंग, बारीक छिद्रं, पाण्याची शाई, आणि यंत्र बंद. एप्सनचं हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं. ते कोरडं पडून चोंदलं तर हेड क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. म्हणून टाकीवाला घ्यायचा असेल तर तो घरात इतर कामालाही वापरला जाईल अशी व्यवस्था हवी. आठवड्यातून एखादं रंगीत पान पुरतं. मुलांचे प्रकल्प, फोटो, काहीही.

ते जमणार नसेल, तर तुमच्यासाठी मी कार्ट्रिजवाला, ट्रे असलेला छोटा प्रिंटर सुचवेन. शाई महाग पडेल, पण वर्षाकाठी दीड-दोनशे डिस्कांच्या पुढे तुम्ही जाणार नाही, आणि यंत्राच्या किमतीतल्या फरकात बरीच कार्ट्रिजं येतात. महिन्याला शंभरच्या वर जायचं ठरलं तर डोळे झाकून टाकी.

सहा रंग की चार, यावर फार डोकं शिणवू नका. फिका निळा आणि फिका किरमिजी हे जादाचे दोन रंग चेहऱ्याच्या त्वचेला आणि आकाशाच्या उतरत्या छटांना उपयोगी पडतात. तुमच्या डिस्कवर गटाचं चिन्ह, नाव आणि गाण्यांची यादी असेल तर फरक दाखवूनही दिसणार नाही, मॅट पृष्ठभागावर तर नाहीच. बिगर-कंपनीची शाई मात्र डिस्कसाठी मी टाळतो. कागद शाई पिऊन टाकतो. डिस्कवरचं कोटिंग इतकं उदार नसतं, आणि तिथे अशी शाई ओलसरच राहते किंवा काळ्यावर तांबूस झाक येते.

जुन्या प्रिंटरबद्दल. एप्सनचे आर-मालिकेतले प्रिंटर, टी५०, पी५०, नंतरचा एल८०० ही मुळात चांगली यंत्रं, आणि डिस्कच्या कामाला आजही चालतात. पण घेताना पहिला प्रश्न एकच: ट्रे आहे का? पंधरा-वीस वर्षांत ट्रेच सगळ्यात आधी हरवतो, आणि सुटा ट्रे मिळवणं यंत्र मिळवण्यापेक्षा अवघड. कॅननच्या ट्रेवर कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर असतं, ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी जुळलंच पाहिजे. दुसऱ्या अक्षराचा ट्रे वरवर तसाच दिसतो पण चालत नाही. मग विकणाऱ्याला समोरच नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासणारं रेघांचं पान, काढायला लावा. रेघा तुटक असतील आणि 'एक-दोनदा क्लीनिंग केलं की येईल' असं तो म्हणाला, तर त्यालाच करून दाखवू द्या. वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरत आला असेल तर यंत्र एक दिवस छापायचंच थांबतं. तो बदलता येतो, पण ते काम कोण करणार ते आधी ठरवा. आणि तुमच्या संगणकाच्या सध्याच्या आवृत्तीला त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का ते घरूनच तपासून निघा.

आणखी एक. एल८०० आणि एल८०५ मध्ये डिस्कच्या ट्रेच्या जागी कार्डाचा ट्रे सरकवून प्लास्टिकची ओळखपत्रं छापण्याचा धंदा खूप चालतो. असं यंत्र बाहेरून लखलखीत असलं तरी आतून पार दमलेलं असू शकतं. किती छापलंय ते विचारा. प्रिंटरच्या स्टेटस शीटवर छापलेल्या पानांचा आकडा येत असेल तर तोच बघा.

प्रिंटर जमला तरी डिस्क चुकीची आणली तर सगळं फुकट. खोक्यावर 'इंकजेट प्रिंटेबल' हेच शब्द हवेत. चकचकीत रंगीत डिस्कवर शाई नुसती थेंब होऊन बसते. थर्मल (उष्णतेने होणाऱ्या) छपाईसाठीच्या डिस्कही पांढऱ्याच दिसतात, त्यांच्यावर इंकजेटची शाई धरत नाही. स्पिंडल (दांड्यावर रचलेल्या डिस्कांचा डबा) उघडलेलाच मिळाला आणि खात्री नसेल तर कडेला किंचित ओलं बोट टेकवा. इंकजेटचं कोटिंग जरा चिकट लागतं. मध्यापर्यंत छापता येणारी हवी असेल तर 'हब प्रिंटेबल' बघा, नाहीतर मध्ये मोठं रिकामं कडं राहतं. साध्या मॅट डिस्कवरची छपाई घामेजल्या बोटानेही फिसकटते. ज्यांच्या डिस्क हातोहात फिरणार आहेत त्यांनी चकचकीत, पाणी सोसणारं कोटिंग घ्यावं. जास्त पैसे तिथे घालणं मला सार्थ वाटतं. जुन्या चर्चांमध्ये तैयो युडेनचं नाव सर्रास येईल. या जपानी कंपनीने २०१५ च्या अखेरीस डिस्क बनवणं बंद केलं, तेव्हा ते सल्ले आता जसेच्या तसे कामाचे नाहीत.

छपाईची मांडणी करताना चित्र १२० मिलिमीटर चौरसाचं, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १४१७ पिक्सेल, पार्श्वभूमी कडेच्या थोडी बाहेर जाईल अशी ठेवा. एप्सनच्या किंवा कॅननच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास भरायची जागा असते. डिस्कवरचा पांढरा भाग पट्टीने मोजून तेच आकडे भरा. जास्त भरले तर शाई पारदर्शक कडेवर आणि ट्रेवर पडते. कडेजवळ बारीक गोल रेघ काढायचा मोह टाळा. छपाई अर्धा मिलिमीटर सरकली तरी रेघ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब होते, रेघ नसेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जागा सरकवायची सोय ड्रायव्हरमध्ये असते, बहुधा ०.१ मिलिमीटरच्या टप्प्याने. ती बसवायला लिहिताना बिघडलेली एखादी डिस्क बाजूला ठेवा आणि तिच्यावरच पुन्हा पुन्हा छापा. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार म्हणून डिस्कच निवडा. फोटो पेपर निवडला तर गरजेपेक्षा जास्त शाई ओतली जाऊ शकते.

आधी लिहायची की आधी छापायची? आधी लिहा, वाचून तपासा, मग छापा. छापताना बोटांचे ठसे, धूळ लागतेच आणि लिहिताना ती नडते. शिवाय बिघडलेल्या डिस्कवर शाई जात नाही. छापल्यावर २४ तास सावलीत, एकेकटी, छापलेली बाजू वर ठेवून वाळू द्या. दोन तासांत कोरडी वाटते म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, आणि ओलसर असताना ड्राइव्हमध्ये तर अजिबात नको. रंगांबद्दलचं मतही दुसऱ्या दिवशीच बनवा, ओल्या शाईचा रंग आणि वाळलेल्याचा रंग वेगळा दिसतो.

जागेचं एक राहिलं. काही एप्सनमध्ये छापताना ट्रे मागच्या बाजूने बाहेर येतो, तेव्हा प्रिंटर भिंतीला खेटून ठेवता येत नाही. ट्रेवर शाई सांडली तर लगेच पुसा, नाहीतर ती पुढच्या डिस्कच्या लेखनाच्या बाजूला लागते. काम झालं की ट्रे सपाट ठेवा, कपाटात तिरका टेकवून नको. वाकलेला ट्रे प्रिंटर नीट आत घेत नाही.