सरासरी मर्यादेत, मग धोका कुठला?

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीतल्या पॅकेजिंगच्या छपाई युनिटमध्ये आम्ही काम करतो. दोन वर्षांत मशीनमनच्या कॉलरला पंप लावून टोल्युइनची (शाई-थिनरमधलं, हवेत उडणारं द्रावक) पूर्ण पाळीची मोजणी सहा वेळा झाली : 18, 25, 31, 40, 62 आणि 118 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). सरासरी 49, मर्यादा 100, म्हणून सगळं ठीक आहे, असं सांगतात. पंधरा वर्षं इथे काढलेल्यांनी हे मान्य करावं का?

उत्तर : मुळीच नाही. कायद्यातली 100 ची मर्यादा आठ तासांच्या एकेका पाळीसाठी आहे, दोन वर्षांच्या सरासरीसाठी नव्हे.

असे आकडे बहुतेक दिवस कमी आणि थोडे दिवस फार जास्त असतात. म्हणून आधी प्रत्येकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या (एक्सेलमध्ये ‘एलएन’). त्यांची सरासरी येते 3.69, प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) 0.68. 100 चा लॉग 4.61. वजाबाकी करून 0.68 ने भागलं की 1.35. सामान्य वितरणाच्या तक्त्यानुसार याचा अर्थ अंदाजे 9 टक्के पाळ्या मर्यादेबाहेर. वर्षाला 300 पाळ्या धरल्या तर 26-27. तेही सहाच मोजण्यांवरून! कामाच्या जागची हवा मर्यादेत आहे का, हे ठरवणारी युरोपातली ईएन 689 पद्धत ही अनिश्चितता धरते : विचलन गुणिले 2.187 (सहा मोजण्यांसाठीचा गुणक) लॉगच्या सरासरीत मिळवून उलटा लॉग घ्यायचा, तो मर्यादेखाली हवा. तुमचा येतो सुमारे 175.

पंधरा वर्षांच्या हिशेबात मात्र साधी सरासरीच घ्यावी, लॉगच्या सरासरीचा उलटा लॉग घेऊन येणारा 40 नव्हे. शरीरात जाणारी एकूण मात्रा तिच्यावरच ठरते. पण 49 गुणिले 15 करून थांबू नका. एक्झॉस्ट कधी बसला, शाई कधी बदलली, कोण कधी कुठल्या मशीनवर होता, तसे कालखंड पाडा. टोल्युइन शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे इथे एकूण बेरजेइतकेच जास्त आकड्यांचे दिवसही महत्त्वाचे. मशीनचा आवाज मोठा असेल तर ऐकण्याची तपासणीही मागा, कारण आवाज आणि टोल्युइन मिळून कानांना जास्त इजा करतात.

118 च्या दिवशी काय चाललं होतं, ते आधी शोधा. सिलिंडर धुणं? पावसामुळे बंद खिडक्या? उघड्या हाताने थिनरची चिंधी फिरवली, तर कातडीतून शिरलेलं टोल्युइन पंपाला दिसतच नाही. त्यासाठी पाळी संपताना लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल (टोल्युइनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासून घ्या. तसंच बनणाऱ्या हिप्प्युरिक ॲसिडवर विसंबू नका. सोडियम बेन्झोएट घातलेलं लोणचं किंवा कोल्ड्रिंक घेतलं तरी ते वाढतं.