मधमाश्या याव्यात म्हणून घरी कापसाचं झाड लावलं तर चालेल का? गमल्यात येतं का?

लावा की, त्यात विचारायचं काय. फक्त देवकापूस लावा, शेतीच्या दुकानातली पाकिटातली सरकी नको, तिला कीटकनाशक चोळलेलं असतं म्हणून ती तशी रंगीत दिसते.

इंदूरला रामबागेत आमच्या फाटकालगत देवकापूस होता, सासूबाईंनी वातींसाठी लावलेला, माझ्याहून उंच. सकाळी पिवळी फुलं उमलली की काळे भुंगे नुसते घुमायचे, संध्याकाळी तेच फूल मिटून गुलाबीसर. आणि फूल नसलं तरी पाहुणे असतातच, पान उलटं करून बघा, मधल्या शिरेवर बारीकसा खळगा असतो, त्यातनं गोड रस पाझरतो, मुंग्या त्याच्यासाठी चढतात. हे मी मोठ्या दिरांना दहादा दाखवलं. त्यांचं एकच, झाडाला मुंग्या लागल्यात आणि दारात कापूस अशुभ. (वाती मात्र त्याच कापसाच्या चालायच्या.)

मग बोंडं फुटली तसे सरकीवर लाल ढेकूण आले, ते येतातच, आणि मी मंडीत भाजीला गेलेली बघून मोठ्या दिरांनी सकाळी दहाला, ऐन फुलं उघडी असताना, फवारा मारला. परत आले तर ओट्यावर भुंगे उताणे, काहींचे पाय हलतायत. पुढच्या आठवड्यात झाडच तोडलं आणि आजतागायत प्रत्येक लग्नात सांगतात, कीड लागली होती म्हणून काढलं. नव्हती लागली! ज्या इंदुरात 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी कापसाच्या अभ्यासासाठीच संस्था काढली, जिथून इंदूर पद्धतीचं कंपोस्ट जगभर गेलं, तिथे आता शेतकी कॉलेज आहे, आणि आमचे दीर तिथलेच पदवीधर बरं का.

हां, गमल्याचं राहिलं. मोठा ड्रम असेल तर येतं, पण ऊन दिवसभर हवं. आणि खरं सांगायचं तर कापसाला मधमाशीची तेवढी गरज नसते, बोंडं आपली आपण धरतात, नुसत्या माश्याच हव्या असतील तर तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, पुष्कळ येतात.

लाल ढेकूण आले तर फांदी साबणाच्या पाण्याच्या बादलीवर झटका, बस. फवाऱ्याचा पंप घरात असेल तर तो आधी कुणाला तरी देऊन टाका.