पैसे देऊन घेतलेली प्लगिन अपडेटनंतर पुन्हा लायसन्स मागतात. याला काही उपाय आहे, की क्रॅकच बरं?

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात घरच्या घरी रेकॉर्डिंग करतात. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून त्यांनी नवी एसएसडी (डिस्क) टाकून विंडोज ११ कोरं बसवलं, आणि पैसे मोजून घेतलेली निम्मी प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्राम, 'ॲक्टिव्हेट करा' म्हणत बसली. एक तर सरळ सांगतंय, 'ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली'. त्यांचा मित्र सगळं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं, वापरतो, त्याला कधी काही होत नाही. मग पैसे भरणारा वेडा का, असं त्यांचं म्हणणं.

राग रास्त आहे. मीही सोलापुरातच, अशोक चौकाच्या बाजूला छोटा स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळं, भीमगीतं, तेलुगू-कानडी भक्तिगीतं, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, येईल ते घेतो. आजूबाजूला यंत्रमाग आहेत, त्यामुळे आवाज घ्यायचा तर ते बंद असतील ती वेळ साधावी लागते. त्या वेळेत प्लगिन रुसलं की काय होतं ते सांगायला नको.

मुळात प्लगिन घेताना आपल्याला मिळते ती वापरायची परवानगी, आणि ती बहुतेकदा ठरावीक मशिनला चिकटवलेली असते. माग विकत घ्यावा आणि रोज सकाळी विकणाऱ्याला फोन लावून विचारावं, 'आज चालवू का?', असला हा व्यवहार आहे. हे मान्य केलं म्हणून चिडचिड कमी होत नाही, पण कामाची मांडणी बदलता येते: गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कुणाच्या परवानगीवाचून काम अडता कामा नये. खाली जे सांगतोय ते सगळं यासाठीच.

आधी तुमचं सध्याचं दुखणं. लायसन्स देणारं सॉफ्टवेअर मशिनची ओळख ठरवतं ती मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, विंडोजचा स्वतःचा क्रमांक असल्या गोष्टींवरून. कोण काय पाहतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. तुम्ही डिस्कही बदलली आणि विंडोजही, म्हणजे त्यांच्या लेखी तुमचा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे आणि तुम्ही आणखी एक नवा घेतलाय. दोन मशिनची परवानगी असेल आणि लॅपटॉपवर एक आधीच असेल, तर झाली मर्यादा पूर्ण.

जुनी एसएसडी अजून फॉरमॅट मारली नसेल तर हात लावू नका. ती परत जोडा, जुन्या विंडोजमधून कॉम्प्युटर चालू करा आणि एकेक प्लगिन तिथून रीतसर डीॲक्टिव्हेट करा. मग नवी डिस्क लावून इकडे ॲक्टिव्हेट करा. अर्धा दिवस जाईल, पण बहुतेक गोष्टी कुणाच्या पाया न पडता सुटतील. डिस्क पुसून झाली असेल तर प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात शिरून 'माझी मशिन' असा काही विभाग आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी जुनं मशिन तिथूनच काढता येतं. तेही नसेल तर तिकीट टाकायचं, म्हणजे कंपनीकडे मदतीची लेखी विनंती करायची. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आयलॉक वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पेस नावाच्या कंपनीची ही व्यवस्था कितीतरी प्लगिनवाले वापरतात. लायसन्स तीन ठिकाणी ठेवता येतं: यूएसबी डोंगलवर (पेन ड्राइव्हसारखी किल्ली), कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या त्यांच्या सर्व्हरवर. यातलं काय चालेल ते त्या त्या प्लगिनवाल्याने ठरवलेलं असतं, म्हणून विकत घेण्याआधी ते वाचा. कॉम्प्युटरवर ठेवलेलं लायसन्स मदरबोर्ड गेला की अडकतं आणि सोडवायला कंपनीच्या दारात जावं लागतं. क्लाउडला नेट सतत चालू लागतं. डोंगल कुठल्याही मशिनला लावा, चालतो. फॉरमॅट मारा, नवीन पीसी आणा, त्याला काही फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे डोंगलच बरा. पण तो लॅपटॉपच्या बाजूला बाहेर आलेला असतो आणि तिथेच पेटीवाल्याची कोपरं फिरत असतात. मी तो छोट्या यूएसबी हबला लावून टेबलाच्या मागच्या बाजूला, वायरींबरोबर बांधून टाकलाय. बाहेरगावी कार्यक्रमाला लॅपटॉप गेला तरी डोंगल स्टुडिओतून हलत नाही. तो हरवला तर वरची सगळी लायसन्स अडकतात. त्यासाठी पेसचं वर्षाला पैसे भरून घ्यायचं संरक्षण मिळतं. महागडी प्लगिन बरीच असतील तर त्याचा विचार करा, एक-दोनच असतील तर नको.

आता क्लाउडबद्दल मी एवढा का चिडतो ते. आषाढी जवळ आली की अभंगांचं काम वाढतं. असंच एक मंडळ मोहोळकडून आलेलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून झालेली, ती वाळायच्या आत घ्यायचं. बुवा हेडफोन लावून उभे. तेवढ्यात लाइट गेली, लाइटबरोबर नेटही गेलं. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर नीट चालू होता, माइक चालू, माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस चालू, आणि स्क्रीनच्या मधोमध एक करडी चौकट: लायसन्स तपासायला इंटरनेट जोडा. बुवांच्या कानात जो रिव्हर्ब (आवाजाचा घुमार) जात होता तो त्याच प्लगिनचा. कंपनीचं नाव घेत नाही, तसं तपासणाऱ्या पुष्कळ आहेत. चौकट बंद केली की परत येत होती. बुवांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि म्हणाले, "रुसलं का ओ तुमचं यंत्र?" ते प्लगिन काढून सॉफ्टवेअरबरोबर आलेला साधा रिव्हर्ब लावला आणि घेतलं. बुवांना फरक कळला नाही. खरं सांगायचं तर हेडफोनमध्ये मलाही फारसा कळला नाही.

त्यामुळे माझ्याकडे रेकॉर्डिंगच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आधीच मांडून ठेवलेल्या साच्यात, बाहेरचं एकही प्लगिन नसतं. इक्यू, कॉम्प्रेसर, कानात द्यायचा रिव्हर्ब, सगळं सॉफ्टवेअरचं स्वतःचं. महागाची खेळणी मिक्सिंगला, एकटा बसलेला असताना. तेव्हा रुसली तर रुसू देत.

दुसरी सवय, आणि ही मी जास्त महत्त्वाची मानतो: मिक्स संपलं की प्रत्येक ट्रॅक प्लगिनसकट छापून ठेवायचा, म्हणजे रेंडर करून साधी वेव्ह फाइल बनवायची. ट्यूनिंग आणि सॅम्पलवाली वाद्यं तर मिक्स सुरू होण्याआधीच छापायची. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला स्टीरिओ ट्रॅक मिनिटाला साधारण १७ एमबी घेतो. सहा मिनिटांचा अभंग धरला तर ट्रॅकमागे १०० एमबीच्या थोडं वर, चाळीस ट्रॅक असले तरी चारेक जीबी. आजच्या डिस्कच्या भावात हे काहीच नाही. दोन वर्षांनी मंडळवाले येऊन म्हणतात, 'टाळ जरा कमी करून द्या की', तेव्हा ते जुनं प्लगिन जिवंत आहे की नाही याच्याशी मला देणंघेणं नसतं. वेव्ह फाइल कुणालाही परवानगी विचारत नाही.

ही भीती उगाच नाही. ॲपलने २०१९ मध्ये मॅक कॉम्प्युटरसाठी मॅकओएस कॅटालिना आणलं आणि जुन्या ३२ बिट पद्धतीची सगळी प्लगिन तिथे एका अपडेटमध्ये बाद झाली. लायसन्स खरं, पैसे भरलेले, तरी बाद. स्टाइनबर्ग कंपनीचा ई-लायसेन्सर डोंगल कित्येक वर्षं त्यांचं क्युबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मशिनला लटकलेला होता. २०२२ मध्ये क्युबेस १२ बरोबर त्यांनी डोंगल सोडून नवी पद्धत आणली, ती चांगली आहे, तीन कॉम्प्युटरवर चालते. पण मे २०२५ मध्ये जुन्या ई-लायसेन्सरची सेवा बंद झाली. जुना डोंगल जोवर धडधाकट आहे तोवर जुनी आवृत्ती चालेल. तो मोडला की दाद मागायला जागा नाही. आणि वेव्हज या प्लगिन कंपनीचं तर सगळ्यांना आठवत असेल. मार्च २०२३ मध्ये त्यांनी एके दिवशी जाहीर केलं की यापुढे विकत काही मिळणार नाही, फक्त वर्गणी. जगभरातून शिव्या पडल्या आणि काही दिवसांतच विक्री परत सुरू करावी लागली. गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला तर ऐकतात, एवढं त्यातून कळलं.

वेव्हजचंच आणखी एक. अपडेट प्लॅन (नव्या आवृत्त्या मिळायची मुदत) संपला की प्लगिन बंद पडतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. तुमच्याकडची आवृत्ती चालूच राहते. नवी आवृत्ती हवी असेल किंवा नव्या सिस्टिमवर जुनी चालेना, तेव्हा पैसे लागतात. म्हणजे हा खर्च तुम्ही टाळू शकता, ऑपरेटिंग सिस्टिम हलवली नाही तोवर. वर्गणीचं मात्र उलट आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून परस्पर पैसे कापायला आधी मंजुरी नोंदवावी लागते. परदेशी कंपनीशी ते जुळलं नाही किंवा कार्डावर परदेशी व्यवहार बंद असले की हप्ता परत जातो, आणि प्लगिन नेमकं डिलिव्हरीच्या दिवशी कुलूपबंद. म्हणून वर्गणी घेतलीच तर वर्षाची घ्या, महिन्याची नको.

यापुढे काही घ्याल तेव्हा आवाज ऐकण्याआधी लायसन्सची पद्धत वाचा. फॅबफिल्टर कंपनीच्या प्लगिनला ईमेलने एक मजकूर येतो, तो चिकटवला की संपलं. वलहल्ला कंपनीचीही लायसन्स फाइल असते, डोंगल नाही; त्यांचं सुपरमॅसिव्ह हे प्लगिन तर फुकट आहे. एअरविंडोजची सगळी प्लगिन फुकट आणि कसलंच कुलूप नसलेली. दिसायला अगदी ओबडधोबड, पण कानाला नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लायसन्स घेण्याआधी ६० दिवस पूर्ण चालतं, छोट्या धंद्यासाठी लायसन्स ६० डॉलर. एफएल स्टुडिओ या तसल्याच सॉफ्टवेअरला पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. सोलापुरात जेवढे पैसे एका गाण्याचे मिळतात तेवढ्यात मी यांच्यावर पूर्ण काम करून देऊ शकतो, आणि देतो.

अपडेटबद्दल माझा साधा नियम आहे: हातात काम असताना काहीही अपडेट करायचं नाही. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये नेट 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) ठेवलं तर मोठे अपडेट सहसा आपोआप उतरत नाहीत. कायमचं मात्र थांबवू नका, सुरक्षेचे अपडेट लागतातच. गणपतीनंतर आणि नवरात्राआधी माझ्याकडे थोडी उसंत असते, तेव्हा आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवतो, मग एकदाच सगळं अपडेट. बिघडलं तर प्रतिमा परत बसवली की जुनी सिस्टिम, आणि बहुतेक वेळा जुनी लायसन्ससुद्धा, जागेवर. नवीन प्लगिन आलं की त्याची इन्स्टॉलर फाइलही वेगळी जपून ठेवा. कंपन्या जुन्या आवृत्त्या साइटवरून काढून टाकतात.

आता मित्राचा क्रॅक. त्याला काही होत नाही, कारण बहुधा त्याने नेट तोडलंय आणि अपडेट बंद ठेवलेत. लायसन्स क्लाउडवर नसेल तर ते दोन्ही तुम्ही विकतच्या प्लगिनवरही करू शकता. बाकी कीजेन (खोटा लायसन्स नंबर बनवणारा प्रोग्राम) चालवताना अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, तो बंद करून कुणाची तरी अनोळखी फाइल त्याच मशिनवर चालवायची जिथे लोकांची गाणी आणि स्वतःचं बँक खातं आहे. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं. तुम्ही पैसे घेऊन काम करता, म्हणजे ती पळवाटही गेली. पोलीस उद्या येतील असं मी म्हणत नाही. पण फुकटचे चांगले पर्याय असताना हा धोका घ्यायचा कशाला?

राहिलं तिकीट. रागाचं पत्र लिहू नका, त्याला ठोकळेबाज उत्तर येतं. साध्या इंग्रजीत चार ओळी: डिस्क बदलली आणि विंडोज नव्याने बसवलं, जुनं मशिन आता अस्तित्वात नाही, कृपया ते ॲक्टिव्हेशन मोकळं करा. सोबत ज्या ईमेलवर खरेदी केली तो ईमेल, ऑर्डर नंबर, सिरीयल नंबर, त्या चौकटीचा स्क्रीनशॉट, आणि जमल्यास एसएसडीचं बिल. एका तिकिटात एकच प्लगिन. उत्तराआधी तेच तिकीट परत टाकू नका, काही ठिकाणी त्याने रांगेत मागे जाता. त्या कंपन्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या, म्हणून शुक्रवारी दुपारच्या आत पाठवा. नाही तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कुणी बघत नाही. तोवर काम थांबलं असेल तर त्याच प्लगिनची डेमो आवृत्ती मिळते का बघा. बऱ्याच कंपन्यांचा डेमो दोन आठवडे तरी पूर्ण चालतो, तेवढ्यात उत्तर येऊन जातं.