पावसाळ्यात लॅकर पांढुरके का पडते?

प्रश्न : सागवानी टीपॉयला ब्रशने लावलेल्या एन.सी. लॅकरवर (नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा लेप) पावसाळी हवेत पांढुरकी झाक आली. स्प्रे गन वापरावी का?

उत्तर : दोष ब्रशचा नसून दमट हवेचा आहे. थिनर (लॅकर पातळ करणारे द्रावण) झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प धरून थर पांढुरका होतो. स्प्रे गननेही हे टळत नाही. कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणे मंदावणारे द्रावण) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारल्यास थर किंचित विरघळून झाक बहुधा निघून जाते. ब्रशच वापरायचा असल्यास तो मऊ केसांचा असावा आणि एकदा ओढलेल्या पट्ट्यावरून पुन्हा मुळीच फिरवू नये, कारण नवा हात खालचा थर विरघळवून वळ उठवतो. गन वापरल्यास ती पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरावी. फवारा अत्यंत ज्वालाग्राही असल्याने बंद खोलीत किंवा पेटत्या दिव्याजवळ कदापि मारू नये.