नाताळचे तीन दिवस कोलकात्यात

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, सहावीत शिकणारी मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई, कोलकात्याला जाण्याचा विचार करत आहोत. २३ डिसेंबरला जळगावहून गीतांजली एक्सप्रेसने निघून २७ तारखेला परतीची गाडी पकडायची आहे. पार्क स्ट्रीटची रोषणाई सर्वांनाच पाहायची आहे. परंतु सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या दिवसांत तिथे फार गर्दी असते असे ऐकले. एवढ्या थोड्या वेळात काय पाहावे आणि काय सोडावे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आपला बेत उत्तम आहे, मात्र त्यातली पहिली अडचण कोलकात्यात नसून आरक्षणाच्या खिडकीवर आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे २३ डिसेंबरची तिकिटे २४ ऑक्टोबरला आणि परतीची २८ ऑक्टोबरला मिळू लागतील. त्या दोन्ही दिवशी सकाळी आठ वाजताच प्रयत्न करावा. आपण निवडलेल्या गाडीविषयी मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा : ही गाडी २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली, तेव्हा मधु दंडवते रेल्वेमंत्री होते आणि तिला पहिल्या वर्गाचा डबाच नव्हता.

गाडी हावड्याला दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. हावडा स्थानकाखालून आता मेट्रो सुटते आणि हुगळी नदीच्या पात्राखालून एस्प्लनेडला नेते. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग मुलीला नक्कीच आवडेल. तरीही सामान आणि दुखरे गुडघे घेऊन तो पहिल्याच दिवशी करू नये, कारण हावड्याचे मेट्रो स्थानक फार खोल आहे आणि एस्प्लनेडला गाडी बदलताना बरेच चालावे लागते. त्या दिवशी प्रीपेड टॅक्सी करावी. मेट्रोसाठी बापलेकींनी नंतर एखादी सकाळ काढावी.

मुक्काम कुठे करावा हे आपण विचारलेले नाही, पण माझ्या मते सगळ्या सहलीचे सुख त्यावरच अवलंबून आहे. शहराच्या टोकाला स्वस्त खोली मिळाली तरी ती घेऊ नये. चौरंगी, सदर स्ट्रीट किंवा पार्क स्ट्रीटच्या आसपास राहिल्यास भारतीय संग्रहालय, न्यू मार्केट, मैदान आणि रोषणाई हे सारे इतके जवळ येते की सासूबाई थकल्यास त्यांना खोलीवर पोहोचवून बाकीच्यांना पुन्हा बाहेर पडता येते.

आता गर्दीविषयी. कोलकात्यात नाताळला ‘बडो दिन’ म्हणतात आणि तो केवळ ख्रिस्ती कुटुंबांचा सण राहिलेला नाही. २५ डिसेंबरला सारे शहर घराबाहेर पडते : सकाळी अलीपूरचे प्राणिसंग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियल, संध्याकाळी पार्क स्ट्रीट. गर्दी वाढली की पोलीस तिथली वाहने थांबवतात, मग माणसांच्या लोंढ्याबरोबर पुढे सरकण्यापलीकडे काही करता येत नाही. तो उत्साह पाहण्यासारखा आहे, पण तो आपण, आपले पती आणि मुलगी यांनी पाहावा, आणि मुलीचा हात सोडू नये. दिवे नववर्षापर्यंत असतात. तेव्हा सासूबाईंना २६ तारखेला संध्याकाळ होताच न्यावे. कोलकाता बरेच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरअखेरीस तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणजे साडेपाचला निघून सातच्या आत परतले तरी पूर्ण रोषणाई पाहून होते, आणि गारठाही टळतो.

त्यांच्यासाठी आणखी एक सुचवतो. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी रामकृष्ण मिशनच्या बेलूर मठात आरतीनंतर येशू ख्रिस्तांची पूजा होते. रामकृष्ण परमहंसांच्या देहावसानानंतर, १८८६ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला, नरेंद्र (पुढचे स्वामी विवेकानंद) आणि त्यांच्या गुरुबंधूंनी आंटपूर येथे धुनीभोवती बसून संन्यासाचा संकल्प केला होता. त्या रात्रीची आठवण या पूजेत जपलेली आहे. प्रवासाचा शीण फार नसेल तर टॅक्सीने अवश्य जावे. हावड्याच्याच बाजूला असलेल्या या मठात बसून शांतपणे अनुभवण्यासारखी ही संध्याकाळ आहे, आणि मला स्वतःला ती पार्क स्ट्रीटच्या रोषणाईइतकीच मोलाची वाटते.

२६ तारखेची सकाळ भारतीय संग्रहालयाला द्यावी. १८१४ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय एका दिवसात पाहून होणारे नाही, म्हणून केवळ मध्य प्रदेशातील भरहुत येथील बौद्ध स्तूपाचे दालन निवडावे. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील स्तूपाच्या कठड्यावर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, कोरलेल्या आहेत, आणि कित्येक शिल्पांजवळ त्यांची नावेही ब्राह्मी लिपीत आहेत. आपण जळगावच्या, तेव्हा मुलीने अजिंठा पाहिला असेलच. तिथल्या १७ व्या लेण्यात रंगवलेली महाकपी जातकाची कथा, आपल्या सहकाऱ्यांसाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची, भरहुतच्या या दालनात दगडात भेटते. ती मुलीलाच शोधू द्या.

व्हिक्टोरिया मेमोरियल (१९२१) २७ तारखेच्या सकाळी बागेतून पाहिले तरी पुरे. मकराण्याच्या संगमरवरातली ही वास्तू मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचा आराखडा करणाऱ्या विल्यम इमर्सन यांचीच आहे. शेजारीच १८४७ चे सेंट पॉल कॅथेड्रल आहे. संग्रहालय आणि मेमोरियलची दालने सोमवारी बंद असतात, हे दिवस ठरवताना लक्षात ठेवावे. प्राणिसंग्रहालय या खेपेस वगळावे. नाहूम या न्यू मार्केटमधील जुन्या ज्यू बेकरीचा प्लम केक हवा असेल तर २४ किंवा २५ तारखेच्या रांगेत उभे न राहता २६ ला जावे.

प्रश्न : आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक आहोत. नाताळची गर्दी टाळण्यासाठी १ जानेवारीला दक्षिणेश्वरला जाणे सोयीचे होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. १ जानेवारी १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात रामकृष्णांनी भक्तांवर केलेल्या कृपेच्या स्मरणार्थ त्या दिवशी कल्पतरू उत्सव असतो, आणि काशीपूर व दक्षिणेश्वर या दोन्ही ठिकाणी पहाटेपासून लांबच लांब रांगा लागतात. उत्सवातच सहभागी व्हायचे असेल तर गोष्ट वेगळी. केवळ दर्शन हवे असेल तर ३ किंवा ४ जानेवारीनंतरचा, शनिवार-रविवार नसलेला दिवस निवडावा, आणि दक्षिणेश्वरपर्यंत मेट्रो जाते तिचा उपयोग करावा.