‘पर्यंत’चे इंग्रजी: बाय की टिल?

प्रश्न: आमचा केळीचा व्यवसाय आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्याला ‘शुक्रवारपर्यंत गाडी पाठवा’ असे कळवायचे होते, म्हणून ‘प्लीज सेंड द ट्रक टिल फ्रायडे’ असा मेसेज केला. त्यांनी उलट विचारले, ‘रोज एक गाडी का?’ चूक कुठे झाली?
– एक वाचक, रावेर

उत्तर: चूक ‘टिल’ची. इथे ‘बाय’ हवे होते: ‘प्लीज सेंड द ट्रक बाय फ्रायडे.’

आपला ‘पर्यंत’ एकटाच दोन कामे करतो. अहिराणीतला ‘लगून’ही तसाच. ‘शुक्रवारपर्यंत गाडी पाठवा’ म्हटले की पाठवणे एकदाच होणार आणि शुक्रवार ही शेवटची मुदत. ‘शुक्रवारपर्यंत गाडी थांबवून ठेवा’ म्हटले की थांबवणे आतापासून सुरू, ते सलग चालणार आणि शुक्रवारी संपणार. आपण क्रियापदावरून हा फरक ओळखतो, म्हणून बोलताना कधी अडत नाही. इंग्रजीने मात्र ही कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत. मुदतीला बाय, सलग चालणाऱ्या गोष्टीला टिल. आपण पाठवण्याला टिल जोडले, तेव्हा पाठवणे शुक्रवारपर्यंत चालूच राहणार असा अर्थ त्या व्यापाऱ्याने काढला, आणि तो बरोबरच काढला.

लिहिण्याआधी मराठी वाक्यावरच एक चाचणी करावी. ‘शुक्रवारपर्यंत’ काढून तिथे ‘उशिरात उशिरा शुक्रवारी’ ठेवून पाहा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी गाडी पाठवा’ हे जमते, म्हणून बाय. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी गाडी थांबवून ठेवा’ हे वाक्य कोसळते, म्हणून टिल.

व्यवहारात आणखी एक काळजी घ्यावी. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’ म्हटले की गुरुवारीच मुदत संपली. आपले ‘शुक्रवारच्या आत’ दोन्ही अर्थांनी वापरले जाते, त्यामुळे त्याचे भाषांतर करताना आधी स्वतःला विचारावे की शुक्रवार धरायचा आहे की नाही. घड कापून ठेवलेले असतील तर सकाळ आणि रात्र यांतही फरक पडतो. तेव्हा वेळ घालूनच लिहावे: ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे.’

प्रश्न: उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद ठेवतो आणि चारला उघडतो. मुलाने पाटी लिहिली, ‘द शॉप विल बी क्लोज्ड बाय फोर’. बरोबर आहे का?
– एक दुकानदार, चाळीसगाव

उत्तर: पाटी आजच बदला, कारण तिचा अर्थ नेमका उलटा होतो. ‘क्लोज्ड बाय फोर’ म्हणजे चार वाजेपर्यंत दुकान बंद झालेले असेल. गिऱ्हाइकाला वाटेल, चारच्या आधी पोचले पाहिजे. तुम्हाला हवे आहे ‘क्लोज्ड टिल फोर’: चारपर्यंत बंद, मग उघडे.

टिल आणि बाय दोन्ही चालतात, पण अर्थ पालटतो, अशी वाक्ये सर्वांत धोक्याची, कारण व्याकरण कुठेच खटकत नाही. ‘आय विल बी देअर बाय फाइव्ह’ म्हणजे मी पाचपर्यंत तिथे पोचतो. ‘आय विल बी देअर टिल फाइव्ह’ म्हणजे मी पाचपर्यंत तिथे आहे, नंतर निघतो. एकाला पाचनंतर गाठायचे, दुसऱ्याला पाचच्या आधी.

प्रश्न: ‘आम्ही स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली’ याचे ‘टिल वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ असे भाषांतर केले. सरांनी खोडले, पण कारण कळले नाही.
– एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर: सुटणे एका क्षणात होते, ते सलग चालत नाही, म्हणून त्याला टिल चालत नाही. ‘पर्यंत’च्या आधी क्रियापद असेल (पोचेपर्यंत, येईपर्यंत, होईपर्यंत) तर बायच्या जागी ‘बाय द टाइम’ घ्यावे: ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ याच वाक्यात ‘सुटली’ऐवजी ‘थांबली’ ठेवा. थांबणे सलग चालते, म्हणून ‘द ट्रेन वेटेड टिल वी रीच्ड.’ ही जोडी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

‘हॅड’ का आले? बाय द टाइम वेळेवर एक रेघ मारते. आपण पोचलो ती रेघ, आणि गाडी सुटण्याची गोष्ट रेघेच्या अलीकडे उरकलेली. उरकलेपणा दाखवायला भूतकाळात ‘हॅड लेफ्ट’, भविष्यात ‘विल हॅव लेफ्ट’. इथे हमखास होणारी चूक अशी, की भविष्याबद्दल बोलताना पहिल्या भागातही ‘विल’ घातले जाते. ‘बाय द टाइम वी विल रीच’ नको. ‘बाय द टाइम वी रीच, द ट्रेन विल हॅव लेफ्ट.’ टिललाही हाच नियम: ‘वेट टिल ही कम्स’, ‘टिल ही विल कम’ नव्हे.

आणि बायसाठी मराठीत एक स्वतंत्र, सुंदर शब्द आहे, तो आपण विसरत चाललो आहोत: एव्हाना. ‘एव्हाना गाडी सावद्याला पोचली असेल’ म्हणजेच ‘द ट्रक मस्ट हॅव रीच्ड सावदा बाय नाउ.’ ‘एव्हाना’ने सुरू होणाऱ्या वाक्याला टिल कधीच लागत नाही. भाषांतर अडले की ‘एव्हाना’ बसते का ते पाहावे.

प्रश्न: मिरचीच्या सौद्यात ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत माल देऊ नका’ असे गुमास्त्याला लिहायचे होते. ‘डोन्ट डिलिव्हर अंटिल द पेमेंट इज नॉट रिसीव्ड’ लिहिले. यात दोन ‘नॉट’ आले, ते ठीक आहे ना?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर: ठीक नाही, दुसरे ‘नॉट’ काढा. ‘डोन्ट डिलिव्हर अंटिल द पेमेंट इज रिसीव्ड.’

ही चूक चांगले इंग्रजी येणाऱ्यांच्याही हातून होते आणि ती थेट मराठीतून येते. ‘जोपर्यंत’ मधला सगळा काळ दाखवतो: पैसे न मिळण्याचा काळ चालू आहे. त्यामुळे मराठीत ‘नाही’ लागतेच. ‘अंटिल’ (अर्थाने टिलच) मधला काळ दाखवत नाही, तो शेवटच्या क्षणावर बोट ठेवतो: पैसे मिळाले, तो क्षण. त्या क्षणी तर पैसे मिळालेले असतात, मग ‘नॉट’ कशाला? शब्दशः वाचले तर आपल्या वाक्याचा अर्थ होतो, पैसे न मिळण्याची वेळ येईपर्यंत माल देऊ नका. ‘नॉट’ ठेवायचेच असेल तर ‘ॲज लाँग ॲज’ वापरा, कारण तो ‘जोपर्यंत’सारखाच काळ दाखवतो.

पहिल्या भागातले ‘डोन्ट’ मात्र योग्य आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. माल देणे एकदाचे काम, तरी इथे अंटिल चालले. कारण न देणे सलग चालते. नकार आला की एका क्षणाचे कामही लांबते. म्हणून ‘डोन्ट सेंड द ट्रक टिल फ्रायडे’ बरोबर: शुक्रवार उजाडेपर्यंत गाडी पाठवू नका. नकारातही बाय येतो, पण सांगणे वेगळे असते. ‘द ट्रक डिड नॉट कम टिल टेन’ म्हणजे गाडी आली, पण दहाला. ‘द ट्रक हॅड नॉट कम बाय टेन’ म्हणजे दहापर्यंत तरी आली नव्हती. पुढे आली की नाही, हे वाक्य सांगत नाही. गाडीच्या उशिरावरून वाद झाला तर हा फरक पैशांचा आहे.

प्रश्न: ‘दोन दिवसांनी येतो’ याला ‘आफ्टर टू डेज’ म्हणावे की ‘इन टू डेज’?
– एक वाचक, धुळे

उत्तर: आतापासून मोजत असाल तर ‘आय विल कम इन टू डेज.’ दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मोजत असाल तर आफ्टर: ‘टू डेज आफ्टर द वेडिंग.’ ‘दोन दिवसांत, त्याच्या पुढे नाही’ अशी मुदत सांगायची असेल तर ‘विदिन टू डेज.’ नोटिशीत आणि करारात विदिनच वापरावे. झालेल्या कामाला किती वेळ लागला हे सांगायलाही ‘इन’ येतो: ‘दे लोडेड द ट्रक इन थ्री अवर्स’, तीन तासांत गाडी भरली.

प्रश्न: ‘बस अमळनेरपर्यंतच जाते’ इथे टिल चालेल का? आणि टिल हे अंटिलचे संक्षिप्त रूप आहे का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर: आपल्याकडे ‘टिल अमळनेर’ सर्रास बोलतात, पण प्रमाण इंग्रजीत टिल वेळेपुरता. ठिकाणाला ‘ॲज फार ॲज अमळनेर’, संख्येला ‘अप टू फिफ्टी’.

टिल हे संक्षिप्त रूप नाही. तोच जुना शब्द, अंटिल नंतर आला. म्हणून टिलच्या आधी वर स्वल्पविरामासारखे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देऊ नये. स्पेलिंगमध्ये टिलला शेवटी दोन एल, अंटिलला एकच. अर्थ सारखाच, अर्जात आणि वाक्याच्या सुरुवातीला अंटिल अधिक शोभते.