इंग्लंडमधून चौकशीचं पत्र, सांगलीहून सल्ला

प्रश्न : मी मूळची मिरजेची, इंग्लंडमध्ये नर्स आहे. माझ्या आधीच्या हॉस्पिटलमधल्या एका वॉर्डाबद्दल सरकारनं सार्वजनिक चौकशी नेमली आहे. चौकशीच्या सॉलिसिटरचा मेल आलाय, ‘नियम ९’ खाली चार आठवड्यांत लेखी जबाब मागितलाय. सांगलीला वकिली करणारे माझे दीर म्हणतात, बिनधास्त सगळं लिही, आयोगापुढे बोललेलं नंतर कोर्टात वापरता येत नाही. मेलबर्नची मावसबहीण म्हणते, राजाच्या नावानं चाललेली चौकशी, तिथे गप्प बसायची सोयच नाही. जुना मॅनेजर म्हणतो, हॉस्पिटलचे वकील तुझा जबाब लिहून देतील. वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे, मैत्रीण म्हणते उडवून टाक. पुढच्या वर्षी कायम वास्तव्याचा अर्ज करायचाय. तोवर मिरजेला जाऊन राहू का?

उत्तर :

आधी फोनचं बोलू, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. ग्रुप उडवू नका. त्यातून बाहेर पडू नका, मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग चालू असेल तर आत्ताच बंद करा, आणि फोन बदलायचा असेल तर जुना कपाटात ठेवा, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. २००५ च्या इन्क्वायरीज ॲक्टचं कलम ३५ सांगतं की चौकशी चालू असताना, चौकशीला हवा असेल असा कागद जाणूनबुजून लपवणं, बदलणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे, तुरुंगवासही आहे. तुमच्या नावानं सक्तीची नोटीस निघालेली असायला हवी असंही नाही. चौकशीला हे हवं असणार हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं पुरतं. व्हॉट्सॲप म्हणजे कागद थोडाच, असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये कोविड चौकशीच्या अध्यक्ष बॅरोनेस हॅलेट यांनी माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सॲप मेसेज काटछाट न करता मागितले, त्याविरुद्ध खुद्द सरकारचं कॅबिनेट ऑफिस हायकोर्टात गेलं आणि हरलं. तिथे सरकारची डाळ शिजली नाही, तर वॉर्डाच्या ग्रुपचं काय घेऊन बसलात. मैत्रिणीलाही हे सांगा. मात्र सांगायचं एवढंच. वॉर्डात काय झालं होतं याची उजळणी तिच्याबरोबर करू नका.

आता राजाचं. तुमच्या मावसबहिणीचं चुकत नाही, ती तिच्या देशाचं बोलतेय. ऑस्ट्रेलियात रॉयल कमिशन गव्हर्नर जनरल राजाच्या नावानं नेमतात, १९०२ चा रॉयल कमिशन्स ॲक्ट त्यामागे असतो. वृद्धसेवेवरचं कमिशन किंवा रोबोडेटचं, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या चुकीच्या वसुलीवरचं कमिशन तिनं टीव्हीवर पाहिलं असणार. तिथल्या कायद्यात ‘उत्तर दिलं तर मीच अडकेन’ हे कारण सहसा चालत नाही, उत्तर द्यावंच लागतं. पण त्या बदल्यात ते उत्तर त्या व्यक्तीविरुद्ध तिथल्या कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. खोटं बोललात तर गोष्ट वेगळी.

ब्रिटनमध्ये राजा तोच, व्यवस्था निराळी. चौकशी नेमतो मंत्री, लोकांच्या मनात काळजी निर्माण करणारी घटना घडली म्हणून. कार्यकक्षा मंत्री ठरवतो, अध्यक्ष नेमतो, बहुधा निवृत्त न्यायमूर्ती, आणि तिथून पुढे कामकाज अध्यक्षांच्या हाती. राजाचा यात काही संबंध येत नाही. रॉयल कमिशनची प्रथा इथेही होती, पण शेवटचं नेमलं गेलं १९९९ मध्ये, तेही हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सुधारणेसाठी. त्याच्याही कितीतरी आधी खासदारांच्या समितीकडून चौकशी करून पाहिली होती. १९१२-१३ च्या मार्कोनी प्रकरणात, म्हणजे मंत्र्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतल्याच्या आरोपांवर, त्या समितीनं पक्षाप्रमाणे दोन तट पाडले आणि अब्रू घालवली. पुढे १९२१ चा चौकशी कायदा आला, त्याची जागा २००५ च्या कायद्यानं घेतली.

म्हणून मेल पुन्हा उघडा आणि त्यात २००५ च्या कायद्याचा उल्लेख आहे का ते पाहा. ‘नियम ९’ आहे म्हणजे २००६ चे इन्क्वायरी रूल्स आहेत, म्हणजे ही कायद्याखालची चौकशी आहे. कायद्याबाहेरच्याही चौकश्या होतात, त्यांना कुणाला बोलावून घ्यायची सक्ती करता येत नाही. पोस्ट ऑफिसच्या होरायझन या सदोष संगणकप्रणालीच्या प्रकरणाची चौकशी २०२० मध्ये अशीच बिनदाताची सुरू झाली होती, जून २०२१ मध्ये ती कायद्याखाली आणली. नियम ९ चं पत्र ही विनंती असते. नाही म्हटलंत तर मागोमाग कलम २१ ची नोटीस येऊ शकते, आणि सबळ कारणाशिवाय ती न पाळणं हा मात्र गुन्हा. व्यवहारात विनंतीलाच उत्तर द्यावं. शिवाय तुमच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची आचारसंहिता चौकश्यांना सहकार्य करायला सांगतेच.

आता तुमच्या दिरांचं. मला खरी भीती याच सल्ल्याची वाटते, कारण तो ठाम आहे आणि भारतापुरता बरोबर आहे. आपल्याकडे १९५२ च्या कमिशन्स ऑफ इन्क्वायरी ॲक्टचं कलम ६ आहे : आयोगापुढे साक्षीत केलेलं विधान त्या माणसाविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कामात वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. श्रीकृष्ण आयोगाच्या काळापासून महाराष्ट्रातल्या वकिलांना ते तोंडपाठ आहे. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्यात असं सरसकट कवच नाही. आहे ते कलम २२ : दिवाणी कोर्टात जे सांगायला तुम्हाला भाग पाडता आलं नसतं, ते चौकशीलाही पाडता येत नाही. म्हणजे स्वतःला फौजदारीत गोवणारं उत्तर नाकारायचा हक्क तुम्हाला आहे, मेलबर्नच्या बहिणीला जो सहसा नाही. पण एकदा का आपणहून लिहून दिलंत, की ते लिहिलेलं राहतं, चौकशीच्या वेबसाइटवर तुमच्या नावानिशी झळकतं, आणि पोलीस असोत की कौन्सिल, सगळ्यांना वाचायला मोकळं असतं. भारतात आधी बोला, संरक्षण मागे उभं आहे. इंग्लंडमध्ये संरक्षण बोलण्याच्या आधीच वापरावं लागतं.

कधीकधी ॲटर्नी जनरल हमी देतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत, जून २०१७ मध्ये, ७२ माणसं गेली. त्या चौकशीत २०२० मध्ये साक्षीदारांना हमी मिळाली की तोंडी साक्षीत दिलेली उत्तरं त्यांच्याविरुद्धच्या खटल्यात वापरली जाणार नाहीत. पण ती मागावी लागली, आणि ती त्या चौकशीपुरतीच होती. तुमच्या चौकशीत तशी हमी आहे का, हे तुमच्या वकिलानं पहिल्याच फोनला विचारायचं.

चौकशी शिक्षा देत नाही, हे खरं. कलम २ सांगतं की दिवाणी वा फौजदारी जबाबदारी ठरवायचा अधिकार तिला नाही. पण त्याच कलमात पुढे आहे की तिनं मांडलेल्या वस्तुस्थितीवरून कुणी तसा निष्कर्ष काढेल म्हणून तिनं हात आखडता घ्यायचा नाही. अमृतसरच्या गोळीबाराबद्दल १९१९ मध्ये हंटर समिती बसली, तेव्हा मुंबईचे नामवंत वकील चिमणलाल सेटलवाड यांनी डायरला विचारलं, चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असतीस का? तो म्हणाला, बहुधा हो. समितीच्या हाती शिक्षा नव्हती. पण असल्या उत्तरांनीच त्याचं पद गेलं. तुमची आणि त्याची तुलना नाही, हे सांगायला नको. जबाबाची ताकद कुठे असते ते दाखवायचं होतं.

मॅनेजरचा प्रस्ताव गोड बोलून नाकारा. हॉस्पिटलचे वकील हॉस्पिटलचे असतात. वॉर्डात माणसं कमी होती आणि तुम्ही वर कळवलं होतं, असं तुमचं म्हणणं असेल, तर तुमचं आणि हॉस्पिटलचं हित एक नाही. ‘हे वाक्य नको’ असा दबाव आला तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा. पुरावा चौकशीपर्यंत पोचू न देणं हेही कलम ३५ मध्ये बसतं. तुम्ही रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसनच्या सभासद असाल तर आजच त्यांच्या कायदा विभागाला फोन करा. नसाल तर स्वतंत्र सॉलिसिटर गाठा, आणि फी कबूल करण्यापूर्वी कलम ४० खाली वकिलाचा खर्च मिळावा असा अर्ज अध्यक्षांकडे टाका. तो मिळेलच असं नाही, पण काम झाल्यावर मागितला तर पंचाईत होते.

जबाब असा लिहायचा की वाचणाऱ्याला वॉर्ड दिसावा. परिच्छेदांना क्रमांक द्या, पहिल्या पुरुषात लिहा, शेवटी हे खरं असल्याचं विधान आणि सही करा. माझ्याकडे कच्चे मसुदे येतात त्यात हमखास एक वाक्य असतं : ‘स्टाफ नेहमीच कमी असायचा आणि मॅनेजमेंट लक्ष देत नसे.’ हे मत झालं. त्याऐवजी, उदाहरणादाखल : ‘त्या रात्री २८ पेशंटना आम्ही दोन नर्स होतो. पहाटे पावणेतीनच्या सुमारास मी साइट मॅनेजरना फोन केला. सकाळी हँडओव्हरनंतर मी डेटिक्स, म्हणजे घटना नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म, भरला.’ ज्याची आठवण आहे, जे कुणाकडून ऐकलं आणि जे आत्ता कागद पाहून कळलं, ते वेगवेगळं सांगा. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे. ड्यूटीचा रोटा, डेटिक्स, पेशंटच्या नोट्स तुम्ही मिळवून जोडायच्या नाहीत. जुन्या सहकारणीला सांगून स्क्रीनशॉट तर मुळीच नाही. कागद कुणाकडे असतील तेवढं लिहा, चौकशी ते हॉस्पिटलकडून मागवेल. एखाद्या प्रश्नाच्या उत्तरानं आपण फौजदारीत अडकू असं वाटलं, तर त्या परिच्छेदाला हात लावू नका, वकील येईपर्यंत कोरा ठेवा.

जबाब दिला म्हणजे साक्षीला बोलावतीलच असं नाही. बऱ्याच जणांचा जबाब नुसता वाचला जातो. बोलावलं तर गीतेवर हात ठेवून शपथ घेता येते, किंवा धर्माचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. प्रश्न मुख्यतः चौकशीचे वकील विचारतात, बाकीच्यांच्या वकिलांना त्यासाठी अध्यक्षांची परवानगी लागते. कामकाज बहुतेकदा थेट प्रक्षेपित होतं, तेव्हा आईला आधी कल्पना द्या, कुणा शेजाऱ्याच्या फोनवर तिनं ते अचानक पाहायला नको. नाव जाहीर होण्यात खरोखरच धोका असेल तर कलम १९ खाली नाव झाकण्याचा आदेश मागता येतो. संकोच हे कारण चालत नाही. आणि अहवालात तुमच्यावर उघड किंवा लक्षणीय टीका करायची असेल, तर नियम १३ प्रमाणे आधी इशारापत्र पाठवून उत्तराची संधी द्यावीच लागते. ते पत्र गोपनीय असतं, आलं तर वकिलाशिवाय कुणाला दाखवू नका, दिरांनाही नाही.

मिरजेला जायचं म्हणता. कलम २१ ची सक्ती ब्रिटनबाहेर पोचत नाही, हे बरोबर. ग्रेनफेलच्या चौकशीत फ्रान्समधल्या काही साक्षीदारांनी यायला नकार दिला होता. पण तुम्ही परत येणार, तुमचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन इथलं, आणि अहवाल तुमच्याशिवायही लिहिला जाणार, इतरांनी तुमच्याबद्दल सांगितलेल्या गोष्टींवरून. आईला भेटायला जरूर जा, रजा टाकून, चौकशीच्या सॉलिसिटरला तारखा कळवून.

कायम वास्तव्याच्या अर्जात गुन्हे, शिक्षा यांबद्दल विचारतात. साक्षीदार असणं त्यात येत नाही. तिथे काही लिहायचं नाही.

चार आठवड्यांत जमणार नसेल तर मुदत मागा, शेवटच्या दिवशी नव्हे, आत्ता. मेल एवढाच पुरे : ‘आपली विनंती मिळाली. सहकार्य करण्याची तयारी आहे. स्वतंत्र वकील नेमत आहे, त्यासाठी आणखी तीन आठवडे मिळावेत. माझ्याकडचे मेसेज आणि कागद जपून ठेवले आहेत.’ हॉस्पिटलच्या कुणालाही त्याची प्रत पाठवू नका.